आठ-दहा म्हणजे बरे की वाईट? रोइंगच्या चाचण्यांचे आकडे कसे वाचायचे

जुलैतल्या एका संध्याकाळी एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलगी सोळा वर्षांची, गोव्यातल्या आमच्या पेडण्याकडचीच, दोन वर्षे रोइंग करते. नदीला लोंढा आलेला, त्यामुळे होड्या आत आणि सराव पत्र्याच्या शेडमध्ये, जागेवर बसून वल्हवायच्या यंत्रावर. त्या दिवशी चाचणी झाली होती आणि मुलगी घरी येऊन जेवलीच नव्हती.

"सर, चेडू नुसता आठ-दहा, आठ-दहा करून रडता. आठ-दहा म्हणजे बरा की वायट?"

"वयनी, आठ मिनिटे दहा सेकंद. यंत्रावर दोन हजार मीटर मारले, त्याची वेळ."

"ता कळला. पण बरा की वायट?"

मला एका वाक्यात सांगता आले नाही. गेली अनेक वर्षे मी मुलांच्या हातात हे आकडे देतो आहे. घड्याळ धरले आहे, वजने घेतली आहेत, कानाच्या पाळीतून रक्ताचे थेंबही काढले आहेत. पण आकड्याचा अर्थ घरापर्यंत पोचतो की नाही, इकडे माझे लक्ष नव्हते. त्या बाईंना जे सांगायला हवे होते ते इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात नदीपासूनच करू. होडी पाण्यात चालवायची, तर चाचणीही पाण्यातच घ्यावी असे कोणालाही वाटेल. ऑलिंपिकची शर्यत गेली अनेक दशके दोन हजार मीटरची. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती दीड हजारांची होणार आहे. नदीकाठी दोन खुणा करायच्या, घड्याळ लावायचे, झाले. पण आपल्या नद्या खालच्या अंगाला खाड्याच आहेत. शापोरा घ्या, मांडवी घ्या, जुवारी घ्या, समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. समजा एक मुलगी थांबलेल्या पाण्यात सेकंदाला ४ मीटर जाते. दोन हजार मीटरला तिला ५०० सेकंद लागतील, म्हणजे ८:२०. आता ओहोटीची ओढ सेकंदाला अर्धा मीटर आहे असे धरा. ओढीबरोबर गेली तर तिची वेळ ७:२४, ओढीविरुद्ध आली तर ९:३१. मुलगी तीच, होडी तीच, अंगातली ताकदही तीच. फरक दोन मिनिटांहून जास्त.

जाऊन-येऊन सरासरी काढली की ओढ आपोआप वजा होईल, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. करून बघा. सरासरी येते ८:२८. खरी वेळ ८:२०. वरचे आठ सेकंद येतात कुठून, तर उलट्या ओढीत ती जास्त वेळ अडकून राहते आणि सुलट्या ओढीतून लवकर सुटते, म्हणून तोटा मोठा आणि फायदा लहान. सरासरी काढायचीच तर वेळेची नव्हे, वेगाची काढायची.

याहून मोठी चूक आम्ही करायचो ती रविवारची. दर रविवारी सकाळी सात वाजता पाण्यात चाचणी, असा नेम होता. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नदीत जाळे टाकणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही, आम्ही शिकलेली माणसे मात्र विसरलो होतो. सात दिवसांत ती पावणेसहा-सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी सातला पाणी बाहेर जात असेल, तर पुढच्या रविवारी सातला ते आत येत असते. शिवाय एका रविवारी अमावास्येचे उधाण, म्हणजे जोराची भरती-ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी अष्टमीचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. त्यामुळे ओढीचा जोरही वेगळा. आम्ही मुलांची प्रगती मोजत होतो असे आम्हाला वाटत होते, प्रत्यक्षात मोजत होतो चंद्राची. एक आठवडा सगळी मुले सुधारायची, पुढच्या आठवड्यात सगळी मागे पडायची, आणि मागे पडल्याबद्दल ती बोलणीही खायची.

भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यातही वारा असतोच. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत, म्हणजे सिंगल स्कल्समध्ये उतरला. पहिल्या दिवशीच्या प्राथमिक फेरीत त्याची वेळ होती ७:२१.६७. त्या दिवशी पाणी इतके खवळलेले होते की सर्बियाची एक जोडी होडीसकट उलटली, आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यती वाऱ्यामुळे रद्दच कराव्या लागल्या. त्याच आठवड्यात शेवटच्या शर्यतीत दत्तूची वेळ आली ६:५४.९६ आणि तो एकंदरीत तेरावा आला. एका आठवड्यात कोणाच्या अंगात सव्वीस सेकंदांची ताकद वाढत नाही. म्हणून रोइंगमध्ये पाण्यावरच्या वेळेचे विक्रम मानायलाही जाणकार बिचकतात.

एर्गो, म्हणजे शेडमधले ते यंत्र, येतो तो इथे. पूर्ण नाव एर्गोमीटर, पण मुले एर्गोच म्हणतात. जगभर सर्वात जास्त दिसणारा एर्गो कॉन्सेप्ट टू कंपनीचा. अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमध्ये दोन ड्रायसिगॅकर बंधूंनी १९८१ साली पहिला बनवला तो सायकलचे भाग वापरून. सरकणारी बैठक, पाय बांधायच्या पट्ट्या, साखळीला जोडलेली मूठ आणि पुढे जाळीच्या पिंजऱ्यात पाती असलेले एक चाक. मूठ ओढली की चाक फिरते आणि चाकाला अडवते ती हवा.

हे यंत्र विश्वासाचे का, ते पंख्यावरून कळेल. घरातला छताचा पंखा बंद केला की तो हळूहळू मंदावतो. किती झपाट्याने मंदावतो यावरून त्याला हवेचा किती विरोध होतो हे काढता येते. एर्गोचे यंत्र नेमके हेच करते, आणि मुठीच्या प्रत्येक ओढीनंतर करते. मूठ परत पुढे जात असते तेवढ्या क्षणात चाक किती मंदावले ते मोजायचे, त्यावरून हवेचा विरोध काढायचा आणि पुढच्या ओढीत किती काम झाले त्याचा हिशेब लावायचा. त्यामुळे हवा दमट असो वा कोरडी, पिंजरा स्वच्छ असो वा धुळीने भरलेला, वॉटचा आकडा खराच राहतो.

चाकाच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा एक खटका असतो. नवीन मुलगा आला की तो पहिल्यांदा खटका १० वर नेतो. जड म्हणजे चांगले असे त्याला वाटते. तो खटका सायकलच्या गिअरसारखा आहे, त्याने गुण वाढत नाहीत. हवेच्या विरोधाचा खरा आकडा पडद्यावर वेगळा बघावा लागतो, त्याला ड्रॅग फॅक्टर म्हणतात. बहुतेक खेळाडू तो ११० ते १३०च्या दरम्यान ठेवतात. खटका दोन्ही यंत्रांवर ५ वर असला तरी पिंजऱ्यात धूळ साचलेल्या यंत्राचा ड्रॅग फॅक्टर कमी भरतो, कारण त्यातून हवा खेळत नाही. चाचणीच्या वहीत खटका लिहून उपयोग नाही, ड्रॅग फॅक्टर लिहायचा. आणि आपल्या खाऱ्या हवेत साखळीला तेल द्यायला विसरायचे नाही. दर पन्नास तासांच्या वापरानंतर ते द्यावे असे कंपनीच सांगते, पावसाळ्यात मी त्याआधीच देतो.

आता आठ-दहाकडे वळू. यंत्र वेळ दाखवते, पण वेळेच्या पोटात ताकद दडलेली असते आणि ती सरळ हिशेबाने वाढत नाही. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. ८:२० मारायला सरासरी १७९ वॉट लागतात, ८:१० मारायला १९०. म्हणजे दहा सेकंदांची किंमत ११ वॉट. तेच ७:१० वरून ७:०० वर यायचे तर २८२ वरून ३०२, म्हणजे २० वॉट. दहा सेकंद तेच, पण किंमत जवळपास दुप्पट. सहा मिनिटे मारायला ४८० वॉट हवेत. स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर साधारण ५०० लिहिलेले असते. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या जोश डंकली-स्मिथने ५:३५.८ मारले, तिथे सरासरी ५९० वॉटच्या पुढे जाते.

या मुलीची मार्चमधली वेळ होती ८:२४. ती १७५ वॉटांची होती, आता १९०. वेळेत बघितले तर चौदा सेकंद, ताकदीत बघितले तर पंधरा वॉट, म्हणजे साडेआठ टक्क्यांची वाढ. मुरलेल्या खेळाडूची वेळसुद्धा दिवसागणिक अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे होतेच. आठ मिनिटांत ते तीनएक सेकंद झाले. तेवढ्या फरकाला ना पेढे वाटायचे, ना रडायचे. चौदा सेकंद मात्र त्या गोंधळाच्या पलीकडचे आहेत. ती खरोखर सुधारली होती. रडत होती कारण तिने मनाशी आठच्या आत असे ठरवले होते.

इतके कळल्यावर पुढचा प्रश्न येतो तो मला सर्वात मोलाचा वाटतो. सुधारली, पण कशात? आणि उद्यापासून काय करायचे? दोन हजारांची वेळ याचे उत्तर देत नाही, कारण ती अनेक गोष्टींची बेरीज आहे.

शरीराचा खर्च घरखर्चासारखा समजून घ्या. खिशात थोडी रोकड असते, ती पहिल्या आठ-दहा सेकंदांत संपते. सुरुवातीच्या जोरदार ओढी त्यावर. मग उसनवारी: प्राणवायू पुरेसा पोचलेला नसताना स्नायू साखर अर्धवट जाळून काम भागवतात. हे पैसे झटकन मिळतात, पण मिनिट-दोन मिनिटांत सावकार दारात येतो. तिसरा म्हणजे पगार, प्राणवायूच्या जोरावर चालणारी ऊर्जा. ती उशिरा सुरू होते आणि टिकते. दोन हजारांच्या शर्यतीत एकूण खर्चाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग पगारातून भागतो. म्हणून बघणाऱ्याला रोइंग ताकदीचा खेळ वाटला तरी आतून तो दमाचा आहे. पगार किती आणि उसनवारी कुठे सुरू होते, हे बघायला पायरी चाचणी घेतात.

ही चाचणी जवळून बघा. मुलगी एर्गोवर बसते. पहिली चार मिनिटे १०० वॉटवर, अगदी गप्पा मारत. मग एक मिनिट थांबा आणि तेवढ्यात रक्त. पुढची चार मिनिटे १२० वर, मग १४०, १६०, १८०. प्रत्येक पायरीनंतर कानाच्या पाळीतून एक थेंब घ्यायचा. पाळी स्पिरिटने पुसायची, कोरडी करायची, बारीक सुईने टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसऱ्याला पट्टीचे टोक नुसते टेकवायचे. पट्टी तो स्वतःच ओढून घेते. काही सेकंदांत हातातल्या छोट्या यंत्रावर आकडा येतो, रक्तातल्या लॅक्टेटचा, म्हणजे साखर अर्धवट जाळली की तयार होणाऱ्या पदार्थाचा.

आपल्याकडे या कामातला खरा शत्रू घाम. घामातही लॅक्टेट असते आणि भरपूर असते. पत्र्याखाली, जुलैच्या दमट हवेत, केसांतून ओघळलेला एक थेंब रक्तात मिसळला की आकडा खोटा. एकदा दुसऱ्याच पायरीला ६.२ आले. मुलगा मजेत, श्वास शांत, मला म्हणतो, "सर, काय झाले?" पाळी पुन्हा पुसली, कोरडी केली, नवी पट्टी लावली, तर १.७. तेव्हापासून माझ्याबरोबर एक मदतनीस असतो आणि त्याचे काम एकच, कान आणि मानेवरचा घाम टिपणे.

लॅक्टेटबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे: ते विष आहे, त्यानेच दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. तसे नाही. लॅक्टेट हे इंधनच आहे, हृदय आणि स्नायू ते पुन्हा जाळतात, आणि व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात ते पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूंतल्या बारीक इजांचे. आपण लॅक्टेट मोजतो ते उसनवारीची पावती म्हणून. आरामात बसलेल्या माणसाच्या रक्तात ते लिटरला एक मिलिमोलच्या आसपास असते. दोन हजार मीटर जीव तोडून मारल्यावर चांगल्या खेळाडूंमध्ये पंधराच्याही वर जाते.

समजा पाच पायऱ्यांवर आकडे आले १.४, १.६, २.३, ४.१ आणि ७.८. पहिल्या दोन पायऱ्यांवर शांत आहे, सगळे पगारात भागते आहे. १४० वॉटच्या सुमारास उसनवारी सुरू झाली, पण फेडही होते आहे. १६० नंतर फेड थकते आणि आकडा उसळी घेतो. उसनवारी कुठे सुरू झाली आणि फेड कुठे थकली हे ठरवायला २ आणि ४ या दोन रेघा अनेक दशके वापरात आहेत, पण त्या देवाने आखलेल्या नाहीत. कोणाची उसळी ३ वर येते, कोणाची ५ वर. आकड्यापेक्षा वळण कुठे आहे ते बघावे. तीन महिन्यांनी तेच वळण १७० वॉटवर सरकले, तर पगारवाढ झाली.

आता दोन मुली घ्या, दोघींचे दोन हजार ८:१०. एकीचे वळण १६५ वॉटवर, दुसरीचे १४० वर. यादीत दोघी शेजारी-शेजारी बसतील, पण दोघींना दोन वेगळी कामे हवीत. पहिलीचा दम उत्तम आहे, तिला जोर आणि वेग वाढवायला हवा. दुसरी उसनवारीवर शर्यत काढते. तिला तास-तास, संथ, बोलता येईल अशा वेगात वल्हवायला हवे, कितीही कंटाळा आला तरी. दोघींना एकच सराव दिला तर एकीचे नुकसान ठरलेले. माझ्या लेखी चाचणीचे काम एवढेच: उद्याच्या सरावात काय बदलायचे ते सांगणे. जी चाचणी ते सांगत नाही, ती मुलांना उगाच दमवते.

रक्ताच्या पट्ट्या महाग पडतात आणि रोज कान टोचू नयेतच. त्यांच्याऐवजी अर्ध्या तासाची एक साधी चाचणी आहे: तीस मिनिटे, मिनिटाला वीसच ओढी, जास्त नाही. शर्यतीत मिनिटाला चौतीस-छत्तीस ओढी पडतात, इथे वीसवर बांधून ठेवल्यामुळे प्रत्येक ओढ मोठी आणि भरीव मारावी लागते. १५० वॉटची सरासरी धरली तर तीन सेकंदांच्या एका ओढीत ४५० ज्यूल काम होते. भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. तो जमिनीवरून दीड मीटर, म्हणजे छातीइतका उचलायला एवढेच काम पडते. दर तीन सेकंदांनी एक सिलिंडर, अर्ध्या तासात सहाशे. मुलांना वॉट सांगून जे कळत नाही ते हे ऐकून कळते, आणि पालकांना तर फारच लवकर.

प्रयोगशाळेतली चाचणी आपल्या मुलांच्या वाट्याला क्वचित येते. तोंडावर मुखवटा लावून, दर मिनिटाला काम वाढवत, शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते मोजतात. अव्वल दर्जाचे धिप्पाड पुरुष रोइंगपटू मिनिटाला सहा लिटरहून जास्त प्राणवायू वापरतात. त्यासाठी दोनशे लिटरहून जास्त हवा मिनिटाला आतबाहेर करावी लागते. घरामागे पाण्याचे निळे पिंप असते ना, तेवढी. धावपटूचा हाच आकडा वजनाने भागून बघतात, कारण त्याला स्वतःचे वजन वाहायचे असते. रोइंगपटू बसलेला असतो, वजन होडी वाहते, म्हणून इथे एकूण लिटर जास्त महत्त्वाचे. उंच, लांब हातांची, भरलेल्या अंगाची माणसे या खेळात का दिसतात याचे एक कारण हे.

पण होडी वजन फुकट वाहत नाही. वजन वाढले की ती थोडी खोल बसते आणि जास्त पाणी कापावे लागते. एर्गो जमिनीला टेकलेला, त्याला हे माहीत नाही. म्हणून यंत्रावर जड माणूस जरा जास्तच चांगला दिसतो. कॉन्सेप्ट टूने यासाठी एक सूत्र दिले आहे. ९० किलोच्या मुलाचे ६:४८ आणि ७० किलोच्या मुलाचे ७:०० त्या सूत्रात घातले तर पहिल्याचे ६:२१ होतात आणि दुसऱ्याचे ६:११. यादीत बारा सेकंद मागे असलेला मुलगा पाण्यात पुढे असू शकतो. सूत्र ढोबळ आहे, निवडीसाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नये, पण डोळे उघडायला पुरेसे आहे. आणि यावरून कोणी कोवळ्या मुलीला वजन कमी करायला सांगू नये. त्या वयात हाडे भरायची असतात.

जिममधल्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. ओढीची जवळपास निम्मी ताकद पायांतून येते, उरलेली पाठीतून आणि हातांतून. त्यामुळे बैठका, जमिनीवरून वजन उचलणे आणि बाकावर पालथे झोपून वजन वर ओढणे, हे तीन आकडे ठेवले की काम भागते. त्याहून जास्त लक्ष मी मुलगा पुढे वाकतो कसा, कंबर गोल करतो की नितंबातून वाकतो, याकडे देतो. कंबर आणि बरगड्या ही रोइंगमधली दुखण्याची नेहमीची ठिकाणे. तक्रार आधी कळली तर आठवडा जातो, उशिरा कळली तर हंगाम जातो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी मी चाचणीचे निकाल भिंतीवर लावायचो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. चौदा-पंधरा वर्षांची मुले. शेवटून दुसरा एक बुटका, किडकिडीत मुलगा होता, पण पाण्यात त्याचा हात सुरेख चालायचा. वल्हे पाण्यात शिरताना आवाज येत नसे. तिसऱ्या यादीनंतर तो यायचा थांबला. दोन वर्षांनी बाजारात भेटला तर माझ्याहून उंच. त्या वयात कोणी तेराव्या वर्षीच मिशी फुटून मोठा होतो, कोणी सोळाव्या वर्षी. यंत्रावरचा त्यांचा फरक हा बहुतेक वेळा मेहनतीचा नसून वाढीचा असतो. मी वाढ मोजली आणि तिला गुणवत्ता समजलो. आता प्रत्येकाचा आकडा त्याच्याच वहीत असतो, शेजारी त्या दिवशीची उंची आणि वजन, आणि तुलना फक्त मागच्या पानाशी.

गोव्यात चाचणी घेताना उकाड्याचा हिशेबही वेगळा करावा लागतो. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळते आणि तेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. त्याच १५० वॉटवर विसाव्या मिनिटाला ठोके दहा-पंधराने वाढलेले मी कितीदा पाहिले आहेत. त्याचा अर्थ मुलगी दमात कमी पडली असा नाही, शेड तापली आहे असा आहे. म्हणून वहीत वेळ, तापमान आणि पंखा चालू होता की बंद हे लिहायचे. अर्ध्या तासाच्या चाचणीच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करायचे. एक किलो कमी भरले तर साधारण एक लिटर पाणी गेले. पन्नास किलोच्या मुलीचा एक किलो म्हणजे दोन टक्के, आणि तिथून पुढे कामावर परिणाम दिसू लागतो. चाचणीच्या दोन-अडीच तास आधी मीठ घातलेली पेज पिऊन या असे मी सांगतो, आपल्या घरांत ती असतेच. ताप असेल, नुकताच येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, तर चाचणी नाही. यात तडजोड नाही, स्पर्धा उद्या असली तरी नाही.

आणि शेवटी नदी. एर्गोला तोल राखावा लागत नाही, त्याला वल्ह्याचे पाते नाही. वल्हे पाण्यात उशिरा गेले, आधी निघाले, तर केलेल्या कामातला काही भाग नुसते पाणी ढवळण्यात जातो. हल्ली वल्ह्याच्या खोबणीत बसवायची यंत्रे आली आहेत. ती प्रत्येक ओढीचा जोर, कोन आणि पाते किती निसटले ते दाखवतात. आमच्याकडे ती नाहीत. आम्ही दोन आकडे शेजारी ठेवतो: एर्गोवरची वेळ आणि पाण्यावरची. दोन्हींतले अंतर वाढत असेल तर मुलीला ताकद नको आहे, हात सुधारायला हवा आहे. त्यासाठी पाण्यावरची चाचणी मात्र नीट घ्यावी लागते: भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबते त्या वेळी, वारा उठायच्या आत, दोन्ही दिशांना, आणि सरासरी वेगाची.

त्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. म्हटले, मार्चपेक्षा पंधरा वॉट जास्त आहेत, हे बरेच आहे. पण तिचे वळण मागच्या जागीच आहे, म्हणजे जोर वाढला, दम वाढला नाही. दोन महिने तिला हळू वल्हवू द्या, ती कंटाळेल, तुम्ही लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, "हळू वल्हवून कसा जोरात जातला?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना पगार आणि उसनवारीचे सांगितले, आणि घर चालवणारी बाई ते लगेच समजली.

चवथ झाली, पाऊस ओसरला आणि आम्ही होड्या बाहेर काढल्या. नदीतली पहिली चाचणी रविवारी घेऊ म्हटले, तर हीच मुलगी भरतीचे वेळापत्रक घेऊन पुढे आली. "सर, रविवारी उधाण आसा. पुढच्या शनिवारी अष्टमी, पावणेआठला पाणी थांबता." तिच्या वहीत वेळेच्या रकान्याशेजारी तिने आणखी दोन रकाने आखले होते, ओढ आणि वारा.

आम्ही शनिवार धरला.